मस्कतच्या दुपारी रग्बीचा अंतिम सामना

ओमानला लोक किल्ले बघायला जातात, वाळवंटात तंबू ठोकून राहतात आणि परत आल्यावर तिथले रस्ते किती गुळगुळीत आहेत ते ऐकवतात. मीही जाऊन आले. रस्ते गुळगुळीत आहेत. किल्ला पाहिला, तो बाहेरून. पण तिकीट काढलं होतं ते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारकडे बघून. त्या संध्याकाळी सिडनीत रग्बी लीगचा अंतिम सामना असतो, तेव्हा मस्कतमध्ये दुपारचे सव्वाबारा वाजलेले असतात. पुण्यात तो सामना कुठल्याच चॅनेलवर लागत नाही, आणि आमच्या केबलवाल्याला रग्बी लीग म्हणजे काय हे समजावून मी थकले होते. मस्कतमध्ये माझा धाकटा भाऊ मिलिंद असतो, आणि त्याचा ऑस्ट्रेलियन मॅनेजर सामना घरी बघतो, एवढं कळल्यावर मी बॅग भरली.

मी फिजिओथेरपिस्ट. वय चोपन्न. नवऱ्याच्या नोकरीपायी अकरा वर्षं सिडनीच्या पश्चिमेकडच्या उपनगरात काढली आणि तिथल्या एका पुनर्वसन केंद्रात काम केलं. अपघातातून, पक्षाघातातून उठलेली माणसं आमच्याकडे पुन्हा चालायला, बोलायला शिकत. त्या भागात शनिवारी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. शेजाऱ्यांबरोबर एकदा रग्बी लीगला गेले आणि अडकले ती अडकलेच.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन्हीकडे तेरा तेरा गडी. एकानं चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या माणसांच्या भिंतीवर धावत जायचं. ते त्याला पाडतात, तो उठतो, चेंडू मागे सरकवतो, पुन्हा कोणीतरी धावतं. सहा वेळा पडलात की चेंडू समोरच्यांचा. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे समजायला पाच मिनिटं लागतात. दम, झेप, पकड, परत आपल्या रेषेवर.

खेळ सुंदर आहे, आणि तो चालवणारे लोक भिकार आहेत. हे माझं मत अकरा वर्षांत बनलं आणि अजून बदललेलं नाही. खेळाडूला पाडायचं असतं, तर आता तिघं तिघं त्याच्यावर झोपून राहतात आणि ह्याला कुस्तीचे शिक्षक ठेवून शिकवलेलं 'तंत्र' म्हणतात. निर्णय पंचानं द्यायचा, तर तो हवेत चौकोन काढतो आणि वर खोलीत बसलेला दुसरा पंच गवताची तीच काडी दहा वेळा बघतो. राष्ट्रगीत संपायच्या आत समालोचक पैजेचे भाव वाचून दाखवतात, समोर लहान मुलं बसलेली असली तरी. अंतिम सामना पूर्वी दुपारी व्हायचा म्हणे. टीव्हीवाल्यांनी तो रात्री नेला, त्यामुळे ज्या पोरांना त्याचं वेड असतं ती निकालाच्या वेळी झोपलेली असतात. आणि मोसम संपला की दरवर्षी कोणीतरी तरुण खेळाडू दारू पिऊन काहीतरी करतो आणि नव्या सुटात उभा राहून वकिलानं लिहिलेली माफी वाचतो. त्याच्या पाठीमागे जाहिरातींचा फलक असतो. तोही दारूचाच.

गुरुवार, मिलिंदच्या घरी

मिलिंद रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो. घर तिथून पंधरा मिनिटांवर. भावजयीनं, म्हणजे शुभदानं, सुरमई तळली होती. ती पुण्यातल्या सुरमईपेक्षा चांगली होती हे मान्य करून मी पुढे जाते.

"रविवारी ग्लेनकडे, आमच्या मॅनेजरकडे, जायचं, ठरलंय," मिलिंद म्हणाला. "आणि उद्या वेन आपल्याला रुस्ताकला नेतोय. आमचा सेफ्टी ऑफिसर. तुझा तो खेळ खेळायचा म्हणे पूर्वी."

"परदेशातला प्रत्येक ऑस्ट्रेलियन खेळायचा म्हणे पूर्वी," मी म्हटलं.

"ताई, उद्या त्याला असं बोलू नकोस."

शुक्रवार, रुस्ताक

सकाळी साडेसातला मोठी पांढरी गाडी दारात लागली आणि तिच्यातून एक दार भरेल एवढा माणूस उतरला. नाक दोन ठिकाणी मोडलेलं. डावा कान कोबीच्या गड्ड्यासारखा चुरगळलेला. मी पायरीवरच थांबले. हा खरंच खेळलेला होता, आणि मी त्याला ओळखत होते.

त्याचं खरं नाव इथे देत नाही. वेन म्हणू. दहाएक वर्षांपूर्वी तो आमच्या विरुद्धच्या क्लबात पुढच्या फळीत होता. एका उपांत्य सामन्यात त्यानं आमच्या सगळ्यात छोट्या, सगळ्यात चपळ खेळाडूला असं काही उचलून आपटलं की तो मुलगा स्ट्रेचरवरून गेला. मी उतारावरच्या गवतावर उभी राहून त्याला मराठीत शिव्या घातल्या होत्या. मराठीत, कारण माझ्या आजूबाजूला लहान मुलं होती.

हे मी त्याला गाडीत सांगितलं. मिलिंदनं मागे वळून माझ्याकडे डोळे वटारले. वेन मात्र इतका हसला की गाडी थोडी डुलली.

"तू तिथे होतीस? खरंच? नाव काय म्हणालीस तुझं?"

"वसुधा. सिडनीत सगळ्यांनी त्याचं वॅझ करून टाकलं."

"वॅझ," तो म्हणाला. "ह्या मोसमात तुमचा क्लब कितवा आला?"

"शेवटून दुसरा."

"छान," तो म्हणाला, आणि पुन्हा हसला. मग शुभदानं सोमवारी मिलिंदनं रजा काढल्याचं आणि आम्ही सगळे निझवाला जाणार असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं निझवाला खजूर कुठल्या गल्लीत घ्यावेत ते तपशिलात सांगितलं. मला तो आवडायला लागला होता, आणि त्याचा मला थोडा राग येत होता.

रुस्ताकला वळायच्या जागी तो वळला नाही. सरळ गेला. पंधरा किलोमीटरनंतर मिलिंद हळूच म्हणाला, "वेन, आपण मागे जाऊ या का?" वेननं गाडी फिरवली. मिलिंद आदल्या दिवशीच म्हणाला होता की हा माणूस दर शुक्रवारी एकटा रुस्ताकला जातो. मला वाटलं, बोलण्याच्या नादात झालं.

त्या चुकीमुळे किल्ल्याचा दरवाजा आमच्या डोळ्यांदेखत बंद झाला. शुक्रवारी तो सकाळपुरताच उघडा असतो. पहारेकऱ्यानं हात छातीवर ठेवून दिलगिरी व्यक्त केली, इतक्या आदबीनं की भांडताही आलं नाही. आपल्याकडे असतं तर निदान भांडण तरी झालं असतं. मग मातीच्या रंगाच्या त्या भिंतीभोवती एक चक्कर मारून आम्ही बाजारात गेलो.

बाजारात एका लहान दुकानात वेन आम्हाला घेऊन गेला. मध, लोबान, सुके लिंबू, प्लास्टिकच्या बादल्या, सगळं एकत्र. दुकानात पांढऱ्या दाढीचे हमीदभाई बसलेले. मूळचे दापोलीकडचे. अर्बाब म्हणजे दुकानाचा ओमानी मालक मशिदीत गेला होता. वेननं हात पुढे केला.

"मी वेन. तुमचं नाव?"

"हमीद," ते इंग्रजीत म्हणाले. "वेलकम, सर."

वेन आत लोबान हुंगत फिरायला लागला. मी मराठीत बोलले तशी हमीदभाईंनी स्टूल ओढून दिलं.

"पुन्याशी आलात? बसा. ह्या सायबाबरोबर आलात?"

"हो. पहिल्यांदाच येतायत वाटतं ते."

हमीदभाईंनी आत एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "बाई, दीड वरीस झाला येतायत. दर शुक्रवारी. दरवेळी नाव विचारतात. पयला मला वाटला, मोठा सायब, आमची काय आठवन ठेवनार. मग कळला, तसा नाय. आता मीपन दर शुक्रवारी नव्यानं ओळख करून देतो. मानूस चांगला आहे."

त्यांनी ते चहाचा कप पुढे करावा तसं सहज सांगितलं. मी वेनकडे पाहिलं. अंधाऱ्या दुकानातही त्यानं काळा चष्मा काढला नव्हता. लोबानाचा खडा धरलेला उजवा हात बारीक थरथरत होता. पुनर्वसन केंद्रात ह्या गोष्टी मी रोज बघत असे, पण त्या माणसांच्या फायली माझ्यासमोर असत.

दुपारी गरम पाण्याच्या झऱ्यापाशी बसलो. पाणी चांगलंच कढत असतं, पाटातून पुढे वाहत गेल्यावर पाय सोडण्याजोगं होतं. शेजारी एक म्हातारे ओमानी गृहस्थ नातवंडांना घेऊन बसले होते. त्यांनी न विचारता आमच्यापुढे खजूर आणि कहावा, म्हणजे तिथली कोरी कॉफी, ठेवली. मी पाय आखडून घेतले, तर त्यांनी हातानंच खूण केली, राहू दे, पाणी सगळ्यांचं आहे.

"वॅझ," वेन म्हणाला, "त्या उपांत्य सामन्यात काय झालं?"

"तू खेळलास, मी नाही."

"सांग तरी."

मी सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. पहिल्या वीस मिनिटांत त्यानं एकट्यानं तीनदा आमची फळी फोडली. आमच्या पोराला आपटलं ते नियमाबाहेर होतं, आणि पंच आंधळा होता. उत्तरार्धात त्याच्या स्वतःच्या डोक्यावर कोणाचा तरी गुडघा बसला, तो उठला आणि चुकीच्या बाजूला, आमच्या खेळाडूंच्या रांगेत जाऊन उभा राहिला. सगळं मैदान हसलं. मीही हसले. मग त्यांच्या मदतनिसानं त्याला दंडाला धरून वळवलं, आणि तो शेवटपर्यंत खेळला. शेवटची धाव त्यानंच आमच्या रेषेपार नेली.

तो वाकून ऐकत होता.  "ती शेवटची कशी होती?" त्यानं विचारलं. मी पुन्हा सांगितली.

परतताना, ऊन उतरलं होतं, मिलिंद आणि शुभदा पेंगत होते. आरशातून माझ्याकडे बघत वेन म्हणाला, "मिलिंद सांगत होता, तू सिडनीत होतीस. रग्बी लीग बघायचीस का कधी?"

 मी म्हटलं, "हो. बघायचे."

"छान. ह्या मोसमात तुमचा क्लब कितवा आला?"

शनिवार

दुसऱ्या दिवशी मिलिंदनं मला मत्रहच्या बंदरावर फिरवलं. तिथलं वर्णन दुसऱ्यांनी पुष्कळ केलं आहे. मी त्याला बाकावर बसवून विचारलं, "तुला माहीत आहे ना?"

त्यानं काय ते विचारलं नाही. "विसरतो थोडा," तो म्हणाला.

"थोडा नाही, मिलिंद. आणि हा तुमचा सेफ्टी ऑफिसर आहे."

मग त्यानं सांगितलं. रंग ढवळायच्या मोठ्या टाक्या असतात. त्या आतून साफ करायला माणूस उतरतो. त्याआधी आतला वायू मीटरनं तपासायचा, ढवळणी चुकून सुरू होऊ नये म्हणून तिच्या स्विचला कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची आणि मग परवान्यावर सही करायची. हे सगळं वेनचं काम. गेलं वर्षभर मिलिंद प्रत्येक वेळी त्याच्या मागून जाऊन पुन्हा बघत होता. दोनदा कुलूप लावलेलं नव्हतं.

"आणि तू गप्प बसलास."

"ताई, दोन वर्षांपूर्वी ऑर्डरची घाई होती. वरून हुकूम आला, यल्ला, चला लवकर, माणूस उतरवा. वेन टाकीच्या तोंडावर बसून राहिला. म्हणाला, आधी मला उचला. त्याला उचलणार कोण? तासाभरानं मीटर लावला तर आत वायू. जो माणूस उतरणार होता तो गुहागरचा आहे, दोन मुली आहेत त्याला. मी कोणत्या तोंडानं वेनची तक्रार करू?"

 समोर पर्यटकांची एक मोठी बोट लागली होती आणि तिच्यातून उतरणारे लोक एकमेकांचे फोटो काढत होते.

रविवार, कुरुम

ओमानात रविवार कामाचा दिवस. ग्लेननं आपल्या कॅलेंडरात 'बाहेरची मीटिंग' असं लिहून ठेवलं होतं आणि त्या मीटिंगला कुरुमच्या त्याच्या बंगल्यात दहा-बारा ऑस्ट्रेलियन हजर होते. एअर कंडिशनर इतका थंड की शाल आठवावी. बाहेर पस्तीस अंशात एक गृहस्थ सॉसेज भाजत होते आणि त्यांना त्यात पराक्रम वाटत होता. बर्गरमध्ये बीटाची चकती. अकरा वर्षांत मला हे बीट समजलं नाही.

अंतिम सामन्यात कोणते क्लब होते ते लिहीत नाही. माझा नव्हता. पहिला अर्धा तास तीन-तीन माणसं एकेका माणसावर झोपली, वरच्या पंचानं गवताच्या काड्या तपासल्या, आणि मध्येमध्ये पैजेचे भाव सांगण्यात आले. मी मनापासून चिडले आणि मनापासून खूश होते. वेन माझ्या शेजारच्या सोफ्यावर काळा चष्मा लावून बसला होता. त्याला सगळे पाठीवर थापा मारत होते. ग्लेन नव्या पाहुण्यांना त्याची ओळख करून देत होता, "आमच्या कारखान्यातला चॅम्पियन," म्हणून. नवीन गाडी दाखवावी तसं.

उत्तरार्धात एका तरुण खेळाडूच्या कानशिलावर समोरच्याचा खांदा बसला. तो गुडघ्यावर आला, उठला, पुन्हा गुडघ्यावर आला. अशा माणसाला बाहेर काढून तपासायचा नियम तेव्हा आलेला होता. मदतनीस धावत आला, त्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी केलं आणि अंगठा वर केला. पोरगा फळीत जाऊन उभा राहिला. समालोचक म्हणाला, हा लोखंडाचा बनलेला आहे. बंगल्यात टाळ्या पडल्या.

"अंतिम सामने असेच जिंकतात," ग्लेन म्हणाला. "काय, वेन?"

"मी जिंकलोय एक," वेन म्हणाला. "असं सांगतात."

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. वेनही हसला आणि माझ्याकडे वळला. "तू मिलिंदची बहीण ना? ह्या मोसमात तुमचा क्लब कितवा आला?"

मी उठले. "वेन, जरा स्वयंपाकघरात ये."

तो आला. मी दार लोटलं. "हा प्रश्न तू मला तिसऱ्यांदा विचारलास. रुस्ताकमधल्या त्या दुकानदाराचं नाव तू दीड वर्षं दर शुक्रवारी विचारतोयस. मी ह्या दुखण्याच्या माणसांबरोबर काम केलंय. तुला डॉक्टरकडे जायला हवं."

त्याचा चेहरा लाल झाला. तो ओट्याकडे एक पाऊल आला आणि मला पहिल्यांदा त्याच्या आकाराची भीती वाटली. "तू फिजिओ आहेस," तो म्हणाला. "डॉक्टर नाहीस."

"बरोबर आहे."

 मग त्यानं शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढून माझ्या हातात दिली. शुक्रवारच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: वॅझ. मिलिंदची बहीण. फिजिओ. माझा सामना पाहिलाय. चांगली आहे. मला शिव्या दिल्या.

"मला माहीत नाही असं वाटलं तुला?" तो म्हणाला. "डिसेंबरात करार संपतो. तेवढं ढकलायचं होतं. मग बहिणीकडे क्वीन्सलंडला."

"आणि टाक्या?"

"मिलिंद माझ्या मागून बघतो. त्याला वाटतं मला कळत नाही." त्यानं वही घेऊन मागचं पान काढलं. तिथे लिहिलेलं होतं: मिलिंद तपासतो. त्याला कळू देऊ नकोस.

"उद्या टाकी आहे?"

"तीन नंबर. सकाळी."

"उद्या मिलिंद नाही. आम्ही निझवाला जातोय."

त्यानं पानं उलटली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. दुसऱ्यांदा वाचली. "हे मला सांगितलं होतं?"

"शुक्रवारी, गाडीत. खजूर कुठे घ्यायचे ते तूच सांगितलंस."

तो फ्रिजला टेकला. बाहेर एकदम आरडाओरडा झाला, कोणीतरी टेबल बडवत होतं. तो निर्णायक क्षण होता, हे मला नंतर कळलं. ज्यासाठी मी समुद्र ओलांडून आले होते तो मी पाहिला नाही, आणि वेननंही मान वळवली नाही.

"उद्या सकाळी मी ग्लेनला सांगतो," तो म्हणाला. "आत्ता नको. आत्ता तो प्यायलेला आहे." मी मान डोलावली. तेव्हाच ते त्याच्या वहीत लिहायला लावायला हवं होतं. मला सुचलं नाही.

सोमवार, रुसैल

मिलिंदला मी आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. निझवा रद्द झालं. सव्वासातला आम्ही कारखान्याच्या फाटकात होतो. कामगारांच्या बसेस नुकत्याच रिकाम्या झाल्या होत्या. माझ्या नावाचा पास निघेपर्यंत मिलिंदला धीर नव्हता, त्यानं माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि चालायला लागला.

तीन नंबरच्या टाकीपाशी चौघं उभे होते. एकानं पट्टे बांधून झाले होते आणि तो शिडीवर चढत होता. खांबाला प्लास्टिकच्या पाकिटात परवाना लटकला होता. आजची तारीख, खाली वेनची सही. मिलिंदनं आधी स्विचकडे पाहिलं. कुलूप नव्हतं.

"खलास, थांबा," तो ओरडला. "कोणीही आत जायचं नाही. खाली उतर."

शिडीवरचा माणूस उतरला. "साहेब, सही झालीय की," तो म्हणाला. मिलिंदनं त्याला दोन्ही खांद्यांना धरून भिंतीपाशी नेऊन बसवलं आणि स्वतःही त्याच्या शेजारी बसला. 

वेन ऑफिसच्या बाजूनं चालत आला. धुतलेला शर्ट, कालचा नव्हे, खिसा रिकामा, वही नाही. आम्हाला बघून त्याला आनंद झाला. "तुम्ही आज निझवाला जाणार होता ना?"

हे त्याच्या लक्षात होतं. मला तेव्हा रडू आलं, ते मी हेल्मेटच्या पट्ट्याशी खटपट करून लपवलं.

"वेन," मिलिंद बसल्या जागेवरून म्हणाला, "कुलूप."

वेननं स्विच पाहिला. मग पाकीट उघडून परवाना काढला. "ही सही कोणी केली?" त्यानं विचारलं.  त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि मग त्याला कळलं.

त्यानं कागदाची घडी घातली आणि मला म्हणाला, "चल माझ्याबरोबर."

ऑफिसात बसलेल्या ग्लेनचं डोकं दुखत होतं. वेन त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "मी परवाना दिला, कुलूप न लावता. मला आठवत नाही. मला कुठलीच सही आठवत नाही. आजपासून मी सही करणार नाही."

ग्लेननं दार बंद केलं. "काल जरा जास्त झाली आपल्या सगळ्यांना," तो म्हणाला. "माणसाला काही झालं का? नाही ना. डिसेंबरपर्यंत थांबू. तुझ्या नावामुळे आपले सगळे ग्राहक..." मग माझ्याकडे वळला. "ह्या इथे कशाला?"

"तिला माहीत आहे," वेन म्हणाला.

"तुम्हालाही माहीत होतं," मी ग्लेनला म्हटलं. "तुम्हाला चॅम्पियन हवा होता म्हणून तुम्ही बघितलं नाहीत." आयुष्यात मी त्या खेळातल्या साहेबलोकांबद्दल जितकं बोलले होते, त्यातलं पहिल्यांदा योग्य माणसासमोर बोलले.

 वेननं त्याच्या टेबलावरचा पेन उचलला, परवान्यावर आडवी रेघ मारली, रद्द असं लिहिलं, आणि कोरा कागद ओढून ग्लेनसमोर ठेवला.

"आता हे सगळं लिहून घे," तो म्हणाला. "मी विसरायच्या आत."

त्या दिवशी टाकी बंद राहिली. दुपारी वेन त्या चौघांबरोबर सावलीत बसून चहा पीत होता. मिलिंदनं त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण शिडीवर चढलेल्या माणसानं आपल्या डब्यातली पोळी अर्धी करून वेनला दिली.

मी परत आल्यावर बाकीचं मिलिंदकडून कळलं. दोन आठवड्यांनी वेनची बहीण येऊन त्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते मला अंदाज होता तसंच होतं, डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या मारानं मेंदूला झालेली इजा. गाडी चालवायची परवानगी गेली. त्याच्या जुन्या क्लबानं त्याला एका सामन्याला मैदानावर बोलावून शाल दिली आणि फोटो काढला. उपचारांबद्दल विचारल्यावर बहिणीला एक फोन नंबर दिला, तो कोणी उचलत नाही.

मार्चमध्ये नवा मोसम सुरू झाला. मी हा खेळ सोडला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण भाच्यानं आता कॉम्प्युटरवर लावून दिलाय, आणि शनिवारी सकाळी मी समोर बसते. परवा आमच्या एका पोराला डोक्यावर लागलं आणि त्यांनी त्याला बाहेर काढलं. तो जायला तयार नव्हता, हात झटकत होता. मी खुर्चीतून उठून मराठीत त्याला म्हणत होते, जा बाबा, जा. तो गेला, आणि आम्ही हरलो.